केळुसकर मॅडमचा पाण्याचा घोट

शेजारच्या खोलीतून हल्ली दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो. "हे काय आहे?" मग शांतता, मग पुन्हा "हे काय आहे?" नोकरीवर नव्याने आलेल्या मुलीकडे टॅब्लेट आहे, त्यात केळं, छत्री, बस, कुत्रा अशी रंगीत चित्रं आहेत, आणि लकव्याने वाचा गेलेला एखादा माणूस त्या केळ्याकडे बघत बसलेला असतो. मुलगी कामसू आहे, माझं तिच्याशी काही वाकडं नाही. पण हा प्रश्न भिंतीपलीकडून आला की मला केळुसकर मॅडम आठवतात, आणि हे ऐकून त्या काय म्हणाल्या असत्या तेही आठवतं. "अरे, ही काय पोलीस चौकशी आहे? उभ्या जन्मात तुला घरी कुणी केळं दाखवून विचारलं होतं का, हे काय आहे म्हणून?"

सिल्वासातलं आमचं केंद्र लहानसं. एक ट्रस्ट ते चालवतो. आमलीच्या पुढे, जिथे पूर्वी सुताचं गोदाम होतं, तिथे. मी कान तपासतो. पेशंटच्या कानात आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं, असं माझं काम. साक्रीहून मी इथे आलो तेव्हा मॅडम इथे मुरलेल्या होत्या. कान माझ्याकडे आणि वाचा त्यांच्याकडे, मध्ये प्लायवूडची भिंत, अशी आमची वाटणी होती.

बाई बुटक्या, अंगाने भरलेल्या, वेंगुर्ल्याकडच्या. सुती साडी, पदराला पिन, पायात रबरी चपला. चहा कोरा आणि बिनसाखरेचा, तोही गार करून. केंद्रात फार कमी बोलायच्या. शिपाई, ट्रस्टी, पेशंट, सगळ्यांशी मोजकं. नवीन माणसाला वाटायचं, वाचेवर काम करणारी बाई स्वतःच मुकी की काय. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "दिवसभर गप्प बसण्याचा पगार घेते मी. त्याची भरपाई घरी जाऊन करते. आमच्या ह्यांना विचार."

त्यांची तपासण्याची पद्धत सगळ्यांहून वेगळी होती. चित्रांची पेटी त्यांच्या कपाटात होती, पण कुलपात. पेशंट आणि त्याच्या घरचं कुणीतरी अशा दोघांना समोरासमोर बसवायचं, पुढ्यात चहा ठेवायचा, रेकॉर्डर चालू करायचा आणि "तुम्ही बोला, मी आलेच" म्हणून निघून जायचं. जायचं म्हणजे माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसायचं. पलीकडे ती दोघं आधी अवघडून गप्प राहायची, मग पंखा, मग चहा, मग घरमालक, मग सासूचं काहीतरी, अशा गप्पा सुरू व्हायच्या. त्या दहा मिनिटांच्या गप्पा कागदावर उतरवायला मॅडमना सबंध दुपार लागायची. पेशंटचं बोलणं निळ्या पेनाने, घरच्यांचं लाल. कुणी थांबलं तर तेवढे ठिपके. दोघं एकदम बोलले तर खाली रेघ. अडकलेला शब्द कोण काढून देतं, घोटाळा झाला तर कोण सावरतं, पाळी कुणाची आणि घेतं कोण, हे सगळं त्या कागदावर दिसायचं. "माणूस किती बोलतो ते सगळेच बघतात," त्या म्हणायच्या, "त्याला बोलायला जागा किती आहे ते बघ."

पेशंट बहुतेक कारखान्यांतले. रात्रपाळ्या, वाढलेलं ब्लडप्रेशर, तंबाखू, आणि एक दिवस मशीनवरच तोंड वाकडं होऊन पडायचं. आमच्या धुळे-नंदुरबारकडचे तर फार. त्यातला एक भटू. मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात होता, लकव्याने उजवी बाजू आणि वाचा गेली होती. त्याची बायको रंजना त्याला घेऊन आली. मॅडमनी त्याला नाव विचारलं, रंजनाने सांगितलं. काम कुठे विचारलं, रंजना म्हणाली, "मसाटले, धाग्यानी कंपनीमा." मॅडमनी तिला हाताने थांबवलं आणि पुन्हा भटूकडे बघून विचारलं, तर ती म्हणाली, "त्यास्ले बोलता येत नई ना मॅडम. मी सांगस ना."

मॅडम उठल्या, फुलपात्रात पाणी घेऊन आल्या आणि रंजनाच्या हातात दिलं. "ह्यातला एक घोट तोंडात धरा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. मी सांगेपर्यंत." रंजना गाल फुगवून बसली. भटूने सवयीने तिच्याकडे बघितलं. ती काही बोलेना. तो छताकडे बघत राहिला, मान हलवली, घाम पुसला. मला भिंतीपलीकडे बसवलं नव्हतं, मी मघापासून दारातच उभा होतो. मॅडम हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने भटूने पुढ्यातला कप डाव्या हाताने ढकलला आणि म्हणाला, "चा... गोड... नई."

रंजनाला हसू फुटलं आणि सगळं पाणी मॅडमच्या साडीवर गेलं. जाताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, ते पानी मंतरेल व्हतं का?" मी नाही म्हटलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. पुढे आमच्या केंद्राचं नावच पाणीवाल्या बाईंचं केंद्र असं पडलं. आया, बायका, मुलगे, सगळे गाल फुगवून ओळीने बसलेले असायचे आणि त्यांच्या शेजारी त्यांची माणसं एकेका शब्दासाठी झगडत असायची. भटूची गोष्ट मात्र चांगली संपली नाही. कारखान्याने त्याला परत घेतलं नाही, आणि वर्ष व्हायच्या आत दुसरा झटका येऊन तो गेला. रंजना ते सांगायला मुद्दाम केंद्रात आली होती. मॅडमना म्हणाली, तो शेवटपर्यंत चहाला नावं ठेवत होता.

मॅडम खरं बोलायच्या आणि त्यात साखर घालायच्या नाहीत. खडोलीची एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली होती. पोरगी चार वर्षांची, एक शब्द बोलत नव्हती. मी कान तपासले, कान उत्तम. मॅडमनी आईला रेकॉर्डर घरी नेऊन ठेवायला दिला. परत आलेल्या आवाजात मोबाइल होता, कुकरच्या शिट्ट्या होत्या, आईबापाचं पाळ्यांवरून भांडण होतं. मुलीला उद्देशून फक्त "हट", "चुप" आणि "खा" एवढंच होतं. मॅडमनी ते आईला तोंडावर सांगितलं, "आपके घर में बच्ची से कोई बात ही नहीं करता." बाईने मुलीला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "टाइम किधर है मॅडम. मैं आती हूं तो ये जाते हैं." ती पुन्हा आली नाही.

मी चिडलो होतो. म्हटलं, जरा गोडीने सांगितलं असतं तर आली असती. मॅडम म्हणाल्या, "गोड द्यायला बाजारात मिठाईवाले आहेत. मी नाही सांगितलं तर तिला कोण सांगणार होतं?" हे झालं दुपारी. संध्याकाळी शिपायाकडून कळलं की मॅडम रिक्षा करून एकट्याच खडोलीला गेल्या होत्या. त्या बाईच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड आलं होतं.

आता त्यांच्या घराचं सांगायला हवं. किलवणी नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर ती दोघंच राहायची. मुलं नव्हती. केळुसकर सर इथल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. उंच, सडसडीत, आवाज खणखणीत. कुणीही भेटलं की त्याला गाव विचारायचे आणि लगेच त्या गावची नदी सांगायचे. मला पहिल्या भेटीत म्हणाले, "साक्री? म्हणजे कान नदी. आणि तू कानच तपासतोस. नदीचं ऋण फेडतोयस की." त्यांची आवडती गोष्ट वासोण्याच्या सहलीची. सिंह बघायला पोरांना घेऊन गेले तर सिंह पाठ करून झोपलेला, हलायला तयार नाही. एका पोराने विचारलं, सर, तो मेला का? सर म्हणाले, "नाही रे, शिक्षक आहे तो. दुपारचा तास आहे." ही गोष्ट ते पेशवाईतली लढाई सांगावी तशी रंगवायचे आणि मॅडम आतून, "पुरे हो, त्या सिंहाला आता तरी उठू द्या," म्हणायच्या. घरात मॅडम खरोखरच वेगळ्या होत्या. ओट्याशी एक हात चालू आणि तोंड अखंड. केंद्रातल्या मुक्या बाई त्या याच का, असा प्रश्न पडावा.

काही वर्षांनी माझे आईवडील साक्रीहून आले होते, त्यांना मी केळुसकरांकडे घेऊन गेलो. सरांनी वासोण्याची गोष्ट काढली. "आम्ही गेलो होतो ना, तिकडे, त्या..." "वासोण्याला," मॅडम म्हणाल्या. "हां. तर तो आपला पाठ करून..." "सिंह." "सिंह. आणि पोरं विचारतात..." "मेला का म्हणून." "मी म्हटलं, नाही रे, तो तर आपला..." "शिक्षक आहे!" मॅडम म्हणाल्या, आणि सर सगळ्यांच्या आधी खो खो हसले. आम्हीही हसलो. परतताना आई म्हणाली, किती छान जोडा आहे, एकाच्या तोंडातला घास दुसऱ्याच्या तोंडात. मलाही तसंच वाटलं. इतका जुना संसार असला की गोष्टसुद्धा दोघांत मिळून एकच उरते, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात केंद्रात अंगणवाडीच्या ताया आणि शाळांतले शिक्षक यांचं शिबिर ठरलं. वाचेचा दोष कसा ओळखायचा ते मॅडम शिकवणार होत्या. दोष दाखवायचा तर आधी निर्दोष बोलणं दाखवायला हवं. मॅडम म्हणाल्या, "दोन म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या गप्पा हव्यात. आमच्याच आणते. आमचे हे म्हणजे बोलण्याचा नमुनाच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्डर आणला. माझं अक्षर बरं म्हणून फळ्यासाठी उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या कोरा चहा घेऊन शेजारी बसल्या. सकाळच्या गप्पा होत्या, मागे कबुतरं घुमत होती.

"काल तो आला होता ना... तो..."

"रमेश."

"हां, रमेश. म्हणत होता, ते वरचं जे आहे... ते..."

"टाकी."

"टाकी. ती सगळी अशी..."

"गळतेय?"

"गळतेय ना."

"वॉशर गेला असेल."

"तेच तर."

मी सरांचं निळं आणि मॅडमचं लाल लिहीत चाललो होतो. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. मॅडमनी मध्येच हात पुढे करून रेकॉर्डर थांबवला. मागे नेला. पुन्हा ऐकलं. आणखी मागे नेला, पुन्हा ऐकलं. चहाचा कप त्यांनी तोंडापर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला.

"सोनवणे, कागद इकडे कर," त्या म्हणाल्या. बघितला. मग पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं अशा आवाजात मला विचारलं, "ह्यात नावं कोण घेतंय?"

मी म्हटलं, "तुम्ही."

"वाक्य कोण पुरं करतंय?"

"तुम्हीच."

"निळ्यात एक तरी नाव आहे का? माणसाचं, वस्तूचं, गावाचं. मी दिल्याशिवाय आलेलं?"

मी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. नव्हतं. 'तो' होतं, 'ते' होतं, 'तिकडे' होतं, 'आपलं' होतं. दुनियेतल्या नद्या तोंडपाठ असलेल्या माणसाच्या बोलण्यात एक नाव नव्हतं. मला वासोण्याची गोष्ट आठवली, आणि आम्ही सगळे कशाला हसलो होतो ते कळलं.

मॅडम रडल्या नाहीत. बराच वेळ त्या कागदावरच्या लाल अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.

मला वाटलं, शिबिर पुढे ढकलतील. नाही ढकललं. त्यांनी तेच बोलणं फळ्यावर लिहायला लावलं, सरांच्या जागी 'अ' आणि स्वतःच्या जागी 'ब'. मात्र निर्दोष नमुना म्हणून नाही. "ह्यात पेशंट कोण आहे ते ओळखा," त्या म्हणाल्या. लोक गोंधळले. कुणी म्हणालं, दोघं ठीक आहेत. मग नरोलीकडची एक अंगणवाडीची ताई उठली आणि म्हणाली, "मॅडम, ही ब बाई त्या अ ला बोलूच देत नाय. त्याला येतं का नाय येतं, ते कळणार कसं?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"लय बडबडी बाई आहे," ताई म्हणाली, आणि सगळे हसले.

"हो. फार बडबडी आहे. तिच्यामुळे ह्या माणसाचा आजार झाकलेला राहिला. हे लिहून घ्या." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतला भाषेचा भाग झिजत चाललाय. आधी नावं जातात, मग बाकीचं. औषध नाही. तिकडून आल्यावर मॅडम माझ्या खोलीत येऊन त्या स्टुलावर बसल्या. पलीकडे कुणी पेशंट नव्हता.

"मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आजारात काही फरक पडला नसता."

"मग कशाला जिवाला लावून घेता मॅडम?" मी म्हटलं.

"फरक आजारात नसता रे पडला. शब्द हाताला लागत नाहीत हे ह्यांना कळत असणार ना? आतल्या आत किती घाबरले असतील. ते मला सांगायचं असेल. आणि मी टाकी, वॉशर, रमेश करत बसले." त्यांनी पदराची पिन काढून पुन्हा लावली. "मला एकदा ह्यांच्या तोंडून ऐकायचंय, त्यांना काय होतंय ते. अजून शब्द आहेत तोवर. दुसरं काही नको मला."

त्या दिवसापासून ती बाई त्या एकाच गोष्टीच्या मागे लागली. घरी त्या बोलायच्या थांबल्या. सर अडकले की वाट बघायच्या. पण जन्माची सवय अशी जात नाही. शब्द त्यांच्या ओठांवर सरांच्या आधी येऊन उभा असायचा आणि निसटायचा. शेवटी त्यांनी आपलंच औषध स्वतःला लावलं.

मी ते बघितलं, कारण गावाहून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा द्यायला मी नेमका जेवणाच्या वेळेला गेलो होतो. सरांनी हाताने मलाही बसायची खूण केली. मॅडमनी माझं ताट वाढलं, स्वतःचं वाढून घेतलं नाही. सरांच्या समोर बसल्या, शेजारच्या फुलपात्रातून पाण्याचा एक घोट घेतला आणि गाल फुगवून राहिल्या. सर आमटीकडे बोट दाखवत होते. "ते... ते जरा..." मॅडमकडे बघितलं. मॅडम गप्प. "ते आपलं... पांढरं..." पुन्हा बघितलं. मीठ हवं होतं. ते माझ्या समोरच होतं, पण मी हात पुढे केला नाही, कारण मॅडमचे डोळे मला नको म्हणत होते. त्यांची नजर सरांच्या तोंडावर खिळली होती.

सरांनी हात खाली घेतला. मिठाचं विसरूनच गेले. बायकोच्या फुगलेल्या गालांकडे, मिटलेल्या ओठांकडे ते बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लहान मुलासारखा होत गेला. मग त्या घरात मी कधी न ऐकलेल्या बोलीत, त्यांच्या गावच्या बोलीत, ते अगदी स्पष्ट म्हणाले, "रागावलंस माज्यार?"

कुणी न पुरवता आलेले शब्द होते ते, सबंध आणि धडधाकट. मॅडमनी ते पाणी गिळलं. ठसका लागला. उठून त्यांनी सरांचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणत राहिल्या, "नाही हो, नाही. मी कशाला रागावू? मीठ हवंय ना? मीठ. हे घ्या मीठ." सर त्यांच्या पदराशी मुसमुसत होते. मी हात न धुता उठलो आणि जिना उतरून खाली आलो. नाक्यावर ट्रकांची रांग होती, तिच्या कडेकडेने बराच वेळ नुसता चालत राहिलो. मला त्या पाण्याचा राग आला होता, आजाराचा आला होता, आणि खरं सांगायचं तर देवाचाही.

त्यानंतर त्यांनी ते फुलपात्र केंद्रातूनही काढून टाकलं. नवीन नातेवाइकांना नुसतं तोंडाने सांगायच्या, "जरा थांबत जा हो." कुणी थांबायचं, कुणी नाही. पूर्वीसारखं त्या कुणाला दटावत नसत. थोड्याच महिन्यांत सरांना एकटं ठेवणं अशक्य झालं आणि त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी ट्रस्टींनी शाल दिली, चार शब्द बोला म्हणाले. मॅडमनी हात जोडले आणि खाली बसल्या.

मग भेटी कमी होत गेल्या. मी मध्ये एकदा गेलो तेव्हा सरांचं बोलणं पार बदललं होतं. बोलायचे मात्र भरपूर. सूर तोच, हातवारे तेच, वर्गात शिकवल्यासारखा चढउतार तोच, पण त्यात शब्द नव्हते. कुठल्याच भाषेत नसलेले आवाज एकापाठोपाठ एक येत. मॅडमनी मला दारापर्यंत सोडताना ते जुन्या सवयीने सांगितलं, केस समजावून द्यावी तसं. "पाळी अजून कळते त्यांना. आवाज वर गेला की प्रश्न आहे, खाली आला की संपलं. मी हं म्हटलं की पुढे जातात." मग दाराची कडी धरून म्हणाल्या, "पण मला काही कळत नाही सोनवणे. एक अक्षर कळत नाही."

त्यांना शेवटचं बघितलं ते आमलीच्या भाजीबाजारात. दिवाळी होऊन गेली होती, सकाळची वेळ. मी वांगी निवडत होतो आणि पलीकडच्या ओळीला ती दोघं उभी होती. सर फार वाळले होते, स्वेटर खांद्यावरून लोंबत होता. मी हाक मारणार होतो, पण सर बोलत होते म्हणून थांबलो. भरल्या बाजारात, हमालांच्या वाटेत उभे राहून ते मॅडमना काहीतरी सांगत होते. अगदी कळकळीने. एक हात छातीवर ठेवून, दुसरा डोक्याशी नेऊन, मध्ये थांबून, पुन्हा पहिल्यापासून. आवाज कापत होता. मॅडमच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. त्या मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या. गाडीवाला हॉर्न देत होता, त्या हलल्या नाहीत. सरांचं संपल्यावर त्यांनी मान हलवली, सरांचा दंड धरला आणि दोघं हळूहळू रस्त्याच्या बाजूला गेली.

भाजीवाली वारली बाई होती, खेड्यातून रोज येणारी. तीही माझ्यासारखीच बघत राहिली होती. "दादा," ती म्हणाली, "माझ्याकडं समदी गिऱ्हाइकं येतात. भैया लोकांचं कळतं मला, गुजरात्यांचं कळतं, उडियावाल्यांचं पण थोडं-थोडं कळतं. या काकाचं काय नाय कळलं. कुठचे हायेत ते?"

"कोकणातले," मी म्हणालो.

तिने वांगी तराजूत टाकली, एक काढलं, दुसरं घातलं. "लय मोठं काहीतरी सांगत होते काकीला. काय सांगत होते?"

"त्यांना काय होतंय ते," मी म्हणालो.